स्वयंसिद्ध आणि टेकू

मॅडम, तुम्ही सोमवारी सांगते म्हणाला होतात.

शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या फाटकाशी आपण बोलत होतो. मी माझा प्रश्न टाकला आणि तुम्ही पहिल्यांदाच लगेच उत्तर दिलं नाहीत. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणालात, "याले वेळ लागन वं. सोमवारी सांगते." मी सायकल काढली आणि खरं सांगते, घरापर्यंत खुशीत होते. तर्कशास्त्राच्या मॅडमना मी विचारात पाडलं, याचा आनंद मला आवरत नव्हता. रविवारी दुपारी आपल्या वर्गातल्या नीलेशचा फोन आला. तो नुसता "प्रणाली, प्रणाली" म्हणत राहिला, आणि तो पुढचं बोलायच्या आधीच मला कळलं.

असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरी कोणी गेलं तर लोक येतात, भिंतीला टेकून बसतात, गेलेल्याचं चांगलं बोलतात आणि तेरवीला जेवून जातात. लिहीत कोणी नाही. तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कोणत्या कॉलेजात होतात, कधी निवृत्त झालात, हे शोकसभेत सगळं सांगून झालं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मला आपलं भांडण लिहून ठेवायचं आहे. ते अर्धंच राहिलं, आणि आता ते माझ्या एकटीकडे आहे.

पहिला शनिवार तुम्हाला आठवत होता का? मला चांगला आठवतो. तत्त्वज्ञान हा विषय मी निवडला नव्हता, बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून तो माझ्या वाट्याला आला होता. वर्गात काहीच कळेना, तेव्हा कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की सक्करदऱ्याला एक निवृत्त मॅडम राहतात, शनिवारी दुपारी घरी शिकवतात, कोणाकडून काही घेत नाहीत. मी आले तेव्हा तुमच्या पुढच्या खोलीत सातआठ जण दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसले होते. भिंतीच्या एका भागाला काळा रंग दिलेला होता, तोच तुमचा फळा. त्यावर एकच शब्द होता. स्वयंसिद्ध.

"नवीन पोरगी," तुम्ही म्हणालात, "हा शब्द कुठं ऐकलास?"

मी घाबरत म्हटलं, "आईच्या बचत गटाचं नाव आहे. शेवटी काना लावून."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "मग काय करतात त्या बाया?"

"पापड करतात. मसाले कुटतात."

"कोणाच्या भरवशावर?"

"आपापल्याच."

"मग झालं की. ज्याले उभं राहायले दुसऱ्या कशाचा टेकू लागत नाही, ते स्वयंसिद्ध. हिले येते, आणि तुम्ही हसून राहिले तिच्यावर."

मॅडम, त्या दिवसापर्यंत शिक्षकांसमोर मी दिलेलं कुठलंच उत्तर बरोबर निघालं नव्हतं. आणि जे बरोबर निघालं ते माझ्या आईच्या पापडांमधून निघालं.

मग तुम्ही उदाहरण दिलंत. कुठलीही पूर्ण वस्तू तिच्या तुकड्यापेक्षा मोठी असते. हे सिद्ध करायला जाऊ नका, म्हणालात, सिद्ध करायला याच्याहून सोपं काही हाताशीच नाही. मला लगेच कापडाचा तागा दिसला. माझे आजोबा उमरेडला मागावर लुगडी विणायचे. बाबांच्या वेळी माग बंद पडला आणि ते गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात कामाला लागले. तागे उतरवायचे, उलगडून दाखवायचे, पुन्हा गुंडाळून जागेवर लावायचे. ताग्यातून कापलेला तुकडा ताग्याहून मोठा नसतो, हे बाबांना कोणी शिकवलं नसेल. मी हे हळूच बोलले, तर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा बोलायला लावलंत.

तुमची ती पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दर शनिवारी प्रत्येकाने घरून एक वाक्य आणायचं. असं वाक्य, जे घरात सगळे बोलतात किंवा न बोलता पाळतात, आणि ज्याला कोणी कधी 'काहून', म्हणजे का, असं विचारत नाही. ते फळ्यावर लिहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं की ते स्वयंसिद्ध आहे, की त्याला मागून कोणी टेकू लावला आहे. टेकू सापडला की त्याचं नाव लिहायचं. भीती. सवय. कोणाचा तरी फायदा. एकदा तुम्ही नुसतं 'आत्या' असं लिहिलं होतंत. ते वाक्य प्रियंकाच्या घरचं होतं आणि ते खरोखर तिच्या आत्यानेच तोलून धरलं होतं.

तुम्ही एरवी पुस्तकातल्यासारखं नीट मराठी बोलायचात. पण कोणी "हे तर उघडच आहे ना मॅडम" म्हटलं की तुमची भाषा एका क्षणात बदलायची. नीलेशने एकदा वाक्य आणलं, सावजी रस्सा तिखटच पाहिजे. आणि वर म्हणाला, "मॅडम, हे तर उघड आहे, याले काय सिद्ध करायचं."

"काहून गा? कोणाले उघड आहे?"

"सगळ्यायले, मॅडम."

"माझ्या जिभेले विचारलं काय तू? मागच्या वेळी तुया घरून डबा आला, मी दोन दिवस दहीभातावर काढले."

"मग तुम्हाले सवय नाही, मॅडम."

"हं. आता टेकू सापडला. लिही, सवय."

तो खडू घेऊन उठला आणि लिहिता लिहिता म्हणाला, "पण मॅडम, रस्सा तिखटच पाहिजे." तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग तुमच्या धाकट्या बहीण, शोभामावशी, पाणी घेऊन आतून आल्या आणि म्हणाल्या, "हा वर्ग आहे की काय आहे?"

मी पहिले काही शनिवार सोपी वाक्यं आणली. बुधवारी केस धुवायचे नाहीत, असली. मोठं वाक्य आणायला मला फार दिवस लागले, कारण ते वाक्य आहे हेच मला कळत नव्हतं. बाबांच्या दुकानात पांढरी गादी आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर सेठ बसतात, गावोगावचे दुकानदार येऊन बसतात, चहा पितात. बाबा त्या गादीच्या कडेला उभे असतात. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. जेवायला मागच्या गोदामात जातात. बसू नका असं त्यांना सेठ कधी म्हणाले नाहीत. सेठ वाईट माणूस नाही, माझ्या बारावीच्या निकालाला त्यांनी पेढे दिले होते. एकदा मी घरी विचारलं, "बाबा, गादीवर तुम्ही काहून नाही बसत?" बाबांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "कोणाच्या गादीवर?"

ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. गादीवर आपण बसायचं नसतं. तुम्ही बराच वेळ वाचत राहिलात. टेकूच्या बाजूला काही लिहिलं नाहीत. म्हणालात, "हे मला आधी बघावं लागेल." मला वाटलं, तुम्ही टाळलंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा तुमच्याकडे आले.

झालं असं होतं की दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि सेठ आपणहून बाबांना म्हणाले, तुमची प्रणाली आहे ना, तिला आणा. बाबांना हा मोठा मान वाटला. घरात ठरूनच गेलं. दुसरं वर्ष संपलं की कॉलेज बंद. मी रडले, पण हे कोणीतरी ठरवलेलं आहे आणि ते बदलता येतं, असं मला वाटत नव्हतं. ऊन पडतं तसं ते पडलं होतं. फक्त बाबा म्हणाले, मॅडमले सांगून येऊ, त्यायनं तुले एवढं शिकवलं, न सांगता बंद करणं बरं दिसत नाही.

ती दुपार मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही दार उघडलंत, बाबांना या म्हणालात, बसा म्हणालात. बाबा दाराजवळच्या कपाटाला लागून उभे राहिले. दुकानात राहतात तसेच, हात पुढे बांधून.

"बसा ना," तुम्ही दिवाणाकडे हात केलात.

"नाही जी, बराच आहो मी इथं."

"बरं," म्हणालात, आणि तुम्हीही बसला नाहीत. दिवाणाच्या समोर, भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिलात.

मला वाटलं, एक मिनिटाचं असेल. बाबा बोलायला लागले. सेठ स्वतःहून बोलले, आता नाही कसं म्हणायचं. आमच्यात इतकं कोणी शिकलं नाही जी. पोरगी हुशार आहे हे आम्हाले मालूम आहे, पण घरचं पाहावं लागते. तुम्ही ऐकत होतात. मध्येच एक हात भिंतीवर ठेवलात. तुमचे गुडघे किती दुखायचे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्ही शिकवतानाही खुर्ची घ्यायचात. शोभामावशी आतून आल्या, आपल्या बहिणीला उभी पाहून थबकल्या, काही बोलणार होत्या, पण तुमचा चेहरा बघून परत गेल्या.

शेवटी बाबांचं बोलणं अडलं. ते तुमच्या पायांकडे बघत होते.

"मॅडम, तुम्ही बसा ना जी. तुमचे पाय कापून राहिले."

"तुम्ही बसल्याशिवाय मी कशी बसू? घर माझं आहे, पाहुणे तुम्ही आहात."

"मी बरा आहो."

"मग मी पण बरी आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग बाबा दिवाणाच्या अगदी कडेला बसले, उठायला सोपं जाईल असे. तुम्ही हळूच खुर्चीत बसलात आणि तुमच्या तोंडून इतका मोठा हुश्श निघाला की बाबा घाबरून अर्धे उठले. तुम्ही ओरडलात, "बसा! आता पुन्हा उठाल तर मला मरावं लागेल." आणि बाबा हसले. परक्या घरात बाबा हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो खरं तर त्यांना आधीपासून विचारायचा होता. "मॅडम, हे तर्कशास्त्र शिकून तिले भेटन काय?"

"खरं सांगू? नोकरीचं मी वचन देत नाही. पण ती तुम्हाला उलटून बोलायला शिकेल."

"ते तं आताच बोलते!"

"आता नुसतं बोलते. मग कारण देऊन बोलेल."

चहा आला. बाबांनी तो बशीत ओतून प्यायला, घरी पितात तसा. जाताना तुम्ही त्यांना एवढंच विचारलंत, "प्रणालीनं दुकानात यायचं, हे सेठनी सांगितलं म्हणून ठरलं, की तुम्ही ठरवलं?" बाबांनी नमस्कार केला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आले आणि चप्पल काढता काढता आईला म्हणाले, "सेठले सांगून देलं. म्हटलं, पोरगी शिकून राहिली जी, नाही जमत." आईने विचारलं, रागावले काय? बाबा म्हणाले, "नाही वं. म्हणाले, बरं. बस, एवढंच." ते 'एवढंच' बाबांनी असं म्हटलं, जणू इतक्या वर्षांत कुठल्या तरी दाराला आपण कुलूप आहे समजत होतो आणि ते नुसतं लोटलेलं निघालं.

तुमच्यामुळे माझं शिक्षण वाचलं, हे मी शोकसभेत बोलले असते तर लोकांना आवडलं असतं. पण तुम्ही मला कधी तसं म्हणू दिलं नाहीत. "तुझ्या बापानं वाचवलं," म्हणायचात. "मी नुसती उभी होते."

आणि त्याच प्रसंगावरून आपलं भांडण सुरू झालं.

पुढच्या शनिवारी मी मोठ्या उत्साहात वाक्य आणलं. सगळी माणसं सारखी. आणि ते थेट स्वयंसिद्धच्या बाजूला लिहिलं. मला वाटत होतं, तुम्ही शाबास म्हणाल. आपणच तर ते घडताना पाहिलं होतं. तुम्ही ओला फडका घेतलात आणि ते पुसून टाकलंत.

"हे इथं बसत नाही," म्हणालात.

"काहून?" वर्गात हा शब्द मी तुमच्यावर उलटवायची ती पहिलीच वेळ.

"स्वयंसिद्ध म्हणजे ऐकताक्षणी पटतं ते. पूर्ण हे तुकड्याहून मोठं, हे न पटणारा माणूस दाखव मला. आणि हे न पटणारे किती दाखवू? हे स्वयंसिद्ध असतं तर तुझे बाबा आले तसे बसले असते."

"माझ्या बाबांना मध्ये नका आणू."

माझा आवाज इतका चढला होता हे मला नंतर नीलेशने सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुझं. चुकलं माझं. मी माझं उदाहरण देते." आणि सगळ्यांसमोर सांगितलंत की कॉलेजात तुमच्या विभागाचा शिपाई तुमच्याहून वयाने मोठा होता, आणि तुम्ही त्याला अरे म्हणायचात, तो तुम्हाला मॅडम म्हणायचा. "मी रोज तर्क शिकवत होते. रोज त्याला हाक मारत होते. मला दिसलं नाही. एवढं उघड असतं तर दिसलं नसतं का?"

कुठल्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. पण तेव्हा मी भांडणात होते. मी म्हटलं, "तुम्हाला नाही दिसलं, म्हणजे ते नव्हतं असं होत नाही. डोळे मिटले तर तुकडा ताग्याहून मोठा होतो काय?"

तुमचा चेहरा असा उजळला! खडू माझ्या हातात देऊन तुम्ही खाली दरीवर आमच्यात बसलात, गुडघे धरून, आणि म्हणालात, "चाल, आता बोल. कुठल्या बाबतीत सारखी? उंची सारखी नाही, अक्कल सारखी नाही. सारखं म्हणायचं तर माप लागते. माप दाखव."

मला माप दाखवता आलं नाही. पण मी हटलेही नाही.

त्यानंतर हे महिनोन्‌महिने चाललं. शनिवारी वर्गात, कधी संध्याकाळी तलावाकडून फिरून येताना, एकदा तर सदरला तुमच्या चष्म्याच्या दुकानात. तिथला माणूस तुमच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत होता, आता स्पष्ट दिसते का, आणि तुम्ही त्याला सोडून मला सांगत होतात, "बघ, याले पण विचारावं लागते. उघड असतं तर विचारलं असतं काय?" तो बिचारा म्हणाला, "आजी, मान हलवू नका." तुम्हाला आजी म्हटलेलं आवडलं नाही, ते मला दिसलं.

तुमचं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहिते. तुम्ही म्हणायचात, ज्या गोष्टीला आपण स्वयंसिद्ध म्हणतो तिच्याकडे आपण बघायचं सोडतो. सगळी माणसं सारखी, हे एकदा त्या बाजूला लिहून टाकलं की सगळे निवांत. म्हणून ते तिथे लिहू नकोस. ते सिद्ध करावं लागतं, रोज, हाताने. पाहुणा उभा असेल तर उभं राहून. हा शब्द फार थोड्या गोष्टींसाठी ठेव, म्हणायचात. लोक आपल्या सोयीच्या गोष्टींना तो लावतात आणि मग त्यांना काही विचारता येत नाही.

मला तुमचं पटायचं. घरी जाईपर्यंत पटायचं. मग घरी बाबांना पाहिलं की पुन्हा नाही पटायचं. हे नेमकं काय आहे ते मला शब्दांत पकडता येत नव्हतं. त्या आठवड्यात शनिवारचा वर्ग नव्हता, आणि त्या शुक्रवारी ते आलं. फाटकाशी मी म्हटलं, "मॅडम, सिद्ध करायचं म्हणता, तर कोणापुढे? माझ्या बाबांनी सिद्ध करायचं आणि तपासणार कोण? जो तपासायला बसला त्याला कोणी म्हटलं होतं, आधी तू सिद्ध कर? आमच्या आजोबांचं सिद्ध करायचं राहून गेलं, तर ते कमी होते काय?"

तेव्हाच तुम्ही चष्मा पुसलात.

शोकसभा तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनी ठेवली होती. तुमच्याबद्दल सगळे फार चांगलं बोलले आणि ते सगळं खरं होतं. एक सर म्हणाले, बाईंची थोरवी स्वयंसिद्ध आहे. नीलेशने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही एकदमच हसू आलं आणि लगेच रडू आलं.

विद्यार्थ्यांतर्फे मला बोलायला सांगितलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी आधीच बजावलं होतं, दोन शब्द, चांगले. मी माइकसमोर गेले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, "मॅडमचं एक म्हणणं मला पटलेलं नाही." पुढच्या रांगेत कुजबुज झाली. सर पुढे येऊन हळूच म्हणाले, "बेटा, ही ती जागा नाही. गेलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो." मला वाटलं, हे पण एक घरचंच वाक्य. पण तेवढं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी खाली उतरायला लागले.

शोभामावशी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "बोलू द्या तिला."

सर थांबले. मावशी उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "रविवारी सकाळी चहा घेताना ताई हेच बोलत होती. म्हणे, उद्या ती पोट्टी मला सोडणार नाही." मी माइक न घेताच विचारलं, "मग उत्तर काय ठरवलं होतं त्यांनी?" सभेत हे विचारणं बरं दिसलं नसेल. मावशींनी मान हलवली. "काही नाही ठरलं. म्हणाली, अजून बसत नाही नीट."

मॅडम, कुठलंही तयार उत्तर मिळालं असतं तरी मला ते याहून मोठं वाटलं नसतं. कोष्ट्याच्या पोरीचा प्रश्न तुमच्या सकाळच्या चहापर्यंत पोचला होता आणि त्याला तुम्ही खोटं उत्तर देऊन मोकळ्या झाला नाहीत. मी परत माइकपाशी गेले आणि आपलं भांडण सांगितलं, तुमच्या बाजूसकट. चांगलं झालं की नाही, ठाऊक नाही. बाबा शेवटच्या रांगेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कारण देऊन बोलली तू."

त्यानंतर मी रोज त्याच प्रश्नाशी बसले. आता तुम्ही सांगणार नाही, तर मलाच सांगावं लागेल असं वाटलं. आणि मला एक उत्तर सापडलं. मावशींनी शनिवारी खोली उघडून दिली. आम्ही सगळे जमलो, आणि मी ते मांडलं. मी म्हटलं, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत होतो. सिद्ध करणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. माणसं सारखी आहेत, हे स्वयंसिद्धच आहे, ते कोणी कोणापुढे सिद्ध करायचं नाही. पण ते आपोआप टिकत नाही, ते सांभाळावं लागतं. मॅडम बाबांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी काही सिद्ध केलं नाही. जे होतंच, ते त्यांनी पडू दिलं नाही.

मला वाटत होतं, यावर तुटून पडतील. मी तयारीने गेले होते.

प्रियंका म्हणाली, "बरोबर आहे." मागून दोघातिघांनी माना हलवल्या. नीलेश म्हणाला, "एकदम बरोबर," आणि चहाकडे वळला. बस. महिनोन्‌महिन्यांचं भांडण, आणि ते सगळ्यांना एका दमात पटलं. तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले होते, सभेतही रडले होते. पण तुम्ही खरंच नाही आहात, हे मला त्या क्षणी कळलं, जेव्हा माझं म्हणणं इतक्या सहज मान्य झालं. इतकी एकटी मी कधी नव्हते.

"थांबा," मी म्हटलं. "असं लगेच नका मानू." सगळे बघायला लागले. मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मग मी तुमच्या बाजूने बोलायला लागले. म्हटलं, सांभाळायचं म्हणता, तर काय सांभाळायचं ते आधी दिसावं तर लागेल? ज्याला दिसत नाही त्याला दाखवावं लागेल? मग दाखवणं म्हणजे काय? ते सिद्ध करणंच झालं की नाही? आणि तुम्ही म्हणाल, दाखवणारा वेगळा आणि परीक्षक वेगळा, तर मला सांगा, ज्याला दाखवायचं तोच तर ठरवतो की आपल्याला दिसलं की नाही. बोलता बोलता मला दिसत होतं की हे खरंच जोरदार आहे, आणि मी इतक्या कष्टाने शोधलेलं उत्तर माझ्याच समोर हलायला लागलं आहे. मला ते वाचवता येईना. वाचवायचं होतं की नाही, तेही आता नक्की सांगता येत नाही.

नीलेशने हातातला कप खाली ठेवला.

"नाही, थांब," तो म्हणाला. "इथं तू चुकून राहिली."

मी खाली बसले आणि त्याचं ऐकायला लागले.